अल्मा स्ट्रीटची पक्की मतं

इंग्लंडमधल्या आमच्या रॉक्लफ गावात डॉरीन एन्टविसलला तोंडावर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. तशी बाई काही दांडगट नव्हे. उंची पाच फूट, गुडघे दुखरे, केस दर शुक्रवारी सलूनमध्ये जाऊन बसवून घेतलेले. पण आवाज मात्र शाळेच्या जेवणघरात चोवीस वर्षं कमावलेला. चाळिशीच्या आतल्या निम्म्या गावाला तिने खिमा-बटाटा वाढला होता आणि ताट साफ झाल्याशिवाय एकालाही खेळायला सोडलं नव्हतं. ती पोरं आता पोराबाळांची झाली होती. कोणी बस चालवत होता, कोणी पोलिसात होता, तरी रस्त्यात ती दिसली की त्यांची पाठ आपोआप ताठ होई. सगळे तिला 'एन्टविसल बाई' म्हणत.

तिची आई विणकर, आजी विणकर. सोळाव्या वर्षी ती पक्षात आली ती तिथेच राहिली. नवरा क्लिफ गिरणीत माग दुरुस्त करायचा. लग्न ठरलं तेव्हाच तिने त्याला बजावलं होतं, गुरुवारची संध्याकाळ पक्षाची, त्यावर बोलायचं नाही. क्लिफ बोलला नाही. पुढे गिरणी बंद पडली, पक्षाची सत्ता गेली, मग रॉक्लफची संसदेतली जागाही गेली, आणि तिचे लाल बिल्लेवाले विरोधात बसले ते बसलेच. तेरा वर्षं झाली. प्रत्येक निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी डॉरीन डोळे पुसायची आणि सोमवारी पुन्हा पत्रकं वाटायला निघायची.

या तेरा वर्षांत एक गोष्ट मात्र कोणी तिच्यापासून काढून घेतली नव्हती. तिच्या वॉटरसाइड वॉर्डाचा तिचा अंदाज. आपल्याला किती मतं पडणार हे ती आधी कागदावर लिहून पाकिटात घालायची, आणि मागच्या वेळी ती फक्त अकरा मतांनी चुकली होती. जिल्ह्याच्या बैठकीत लोक म्हणायचे, डॉरीनची यादी म्हणजे दगडावरची रेघ. ती वरवर म्हणायची, "काहीतरीच काय!" आणि घरी गेल्यावर क्लिफला तेच वाक्य दोनदा ऐकवायची.

पद्धत साधी होती. निवडणुकीआधी महिनाभर दारोदार जायचं आणि विचारायचं, यंदा आमच्याकडे ना? हो म्हणाला तर यादीत नावापुढे लाल खूण. नाही म्हणाला तर निळी, सत्ताधाऱ्यांच्या बिल्ल्याची. कटकट केली, वाद घातला, तर प्रश्नचिन्ह. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दाराशी आपला एक माणूस बिल्ला लावून बसतो आणि येणाऱ्याला मतदार यादीतला नंबर विचारतो. ते नंबर तासातासाला डॉरीनच्या बाहेरच्या खोलीत यायचे. तिथे वॉलपेपरला खळ लावायच्या लांब टेबलावर याद्या टाचलेल्या असत. नंबर आला की नाव खोडायचं. दुपारनंतर लाल खुणेची जी नावं खोडायची राहिली, त्यांची दारं ठोठवायची, म्हाताऱ्यांना गाडीत घालून न्यायचं. निळ्यांच्या दाराकडे मात्र फिरकायचंसुद्धा नाही. निळ्याला आठवण करून मतदानाला धाडणारा कार्यकर्ता म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारा.

आणि वॉटरसाइडमध्ये विचारायला जायची ती फक्त डॉरीन. नवी पोरं बरोबर यायची ती पत्रकं धरायला. "तुम्हाला माणसं कळत नाहीत रे," ती म्हणायची. "मला बघूनच कळतं."

ब्याण्णवच्या एप्रिलमध्ये सगळ्या वर्तमानपत्रांनी सांगितलं होतं, या वेळी लाल बिल्लेवाले येणार. रॉक्लफची जागा मागच्या वेळी आठशे चाळीस मतांनी गेली होती. ती परत आणायला पक्षाने ह्यू प्रॉसर नावाचा एक पगारी संघटक पाठवला होता. वेल्सचा, चौतिशीचा, झोप न झालेला माणूस. जागा आली तर त्याची नोकरी राहणार होती, नाही तर कार्यालयाला कुलूप. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

मतदानाच्या दिवशी, गुरुवारी, सकाळी सात वाजताच डॉरीनच्या दारात बावीस कार्यकर्ते आणि तीन गाड्या उभ्या होत्या. यादीत अकराशे चाळीस लाल खुणा. एवढ्या तर कधीच नव्हत्या. नऊ वाजता तिने स्वतः शेजारच्या पेगी शॉला हाताला धरून गाडीत बसवलं. पेगीचं कंबरेचं हाड गेलं होतं, पायऱ्या उतरताना ती विव्हळत होती.

"अगं कशाला एवढी धडपड करतेस माझ्यासाठी?" पेगी म्हणाली.

"गप गं. एकेक मत लाखाचं आहे या वेळी."

पेगी गाडीत काही बोलली नाही. डॉरीनला वाटलं, कंबर दुखत असेल.

अकरा वाजता केंद्राच्या दाराशी बसलेल्या पोरीला जेवायला सोडायला डॉरीन स्वतः जाऊन बसली. केंद्र म्हणजे तिचीच शाळा. डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता. शेजारच्या खुर्चीवर निळ्या बिल्ल्याचे ऑब्री व्हिटेकर होते. बँकेतून निवृत्त झालेले, टापटीप, मफलर नीट दुमडून कोटात घातलेला. वीस वर्षं दोघं प्रत्येक निवडणुकीला असेच शेजारी बसत आले होते. एकाचा नंबर ऐकायचा राहिला तर दुसरा सांगायचा. थर्मासमधला चहाही वाटून प्यायचे. आमच्याकडे ही रीतच आहे. भांडण पेटीत, दारात नाही.

गर्दी चांगली होती. फारच चांगली. लोक येत होते, नंबर सांगत होते, आणि डॉरीनकडे बघून हसत होते.

"गुडघा कसा आहे, एन्टविसल बाई?" बस चालवणारा केनी हिंडल म्हणाला. शाळेत असताना हा पोरगा घास बशीखाली लपवायचा.

"आहे बाबा. नंबर सांग."

"दोनशे चौदा. काळजी घ्या हं. थंडी आहे. चहा आणून देऊ का?" असं म्हणून तो जवळजवळ पळतच आत गेला, आणि बाहेर आला तो दुसऱ्या दारानं.

डॉरीनला कुठेतरी खटकलं, पण तिने ते बाजूला सारलं.

बाराला वीस मिनिटं असताना ऑब्री उठले. "मिसेस एन्टविसल, जरा आत जाऊन येतो. वय झालं, काय करणार. माझे नंबर घ्याल का तेवढे?" आणि आपली कागद लावलेली पाटी त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

ती दोन पाट्या घेऊन बसली. दोन बायका आल्या, त्यांचे नंबर तिने दोन्हीकडे लिहिले. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि ऑब्रींच्या पाटीवरचा नंबरांचा कागद उलटा झाला. खाली त्यांची यादी होती. खरी यादी, घरोघर फिरून केलेली. ती केंद्रावर आणायचीच नसते. हे निळे लोक असेच गबाळे, असं तिच्या मनात आलं, आणि कागद परत खाली दाबायला तिने हात पुढे केला.

वर लिहिलं होतं, अल्मा स्ट्रीट. तिची स्वतःची गल्ली.

नजर वळवायला हवी होती. विश्वासाने ठेवलेली वस्तू. तिने वळवली नाही. केनी हिंडल, निळी खूण. केनीची बायको, निळी खूण. सोळा नंबरचं अख्खं घर निळं. तिच्या यादीत ही सगळी लाल होती, ठळक लाल. ऑब्रींनाही लोकांनी गोड बोलून वाटेला लावलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग चौतीस नंबरवर पेगी शॉ आली. निळी खूण, आणि पुढे ऑब्रींच्या बँकेतल्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'डॉरीनला सांगू नका म्हणाल्या.'

दोन नावं सोडून पुन्हा: 'एन्टविसल बाईंना कळता कामा नये.' आणि खाली आणखी एक: 'बाईंना वाईट वाटेल म्हणून त्यांना हो म्हटलं आहे.'

 ऑब्री व्हिटेकरला अल्मा स्ट्रीटमध्ये कुत्रं ओळखत नव्हतं. त्याचं मन राखायचं कोणाला काय पडलंय? त्याला लोक खरं सांगत होते. खोटं सांगत होते ते तिला. तिने माया लावली होती, घास भरवले होते, आजारपणात सूप नेऊन दिलं होतं, म्हणूनच कोणाची तिला नाही म्हणायची हिंमत झाली नव्हती. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड लोकांना होती आणि भिकेला लागणार होता पक्ष. अकराशे चाळीस लाल खुणांतल्या किती खऱ्या? पाचशे? सातशे? आणि पेगीला तर तिने स्वतः गाडीत घालून आणलं होतं.

ऑब्री परत आले. "वारा फार आहे. कागद उडाले नाहीत ना?"

"नाही हो," डॉरीन म्हणाली आणि पाटी त्यांच्या हातात दिली. त्यांच्या डोळ्यांत तिला बघवलं नाही.

साडेबाराला ती घरी पोचली तेव्हा ह्यू प्रॉसर दारातच उभा होता. अंड्याचं सँडविच एका हातात, गाडीची किल्ली दुसऱ्या हातात.

"डॉरीन, हायर मूर वॉर्डात आपली बोंब आहे. तिथे माणसंच नाहीत. तुमचे वीस जण आणि तिन्ही गाड्या नेतो. तुमच्याकडे तर सगळं पक्कं आहे ना?"

खोलीत सगळे कोट चढवून तयार होते. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. यादी टेबलावर पसरलेली, लालच लाल. आता बोलायला हवं होतं. तीन वाक्यांचं काम. ही यादी खोटी आहे. मला लोकांनी फसवलं. मला कसं कळलं ते विचारू नका. पण पहिलंच वाक्य महाग होतं. चाळीस वर्षांत तिने कमावलेली एकच गोष्ट त्या टेबलावर पडली होती, आणि ती सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने फाडायची होती. शिवाय दुसऱ्याच्या पाटीत डोकावले हेही सांगायचं होतं.

"पक्कं आहे ना, डॉरीन?" ह्यूने पुन्हा विचारलं.

"हो," ती म्हणाली. "न्या."

गाड्या चढ चढून गेल्या. मागे राहिली ती आणि कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली.

त्यानंतरचे साडेतीन तास डॉरीनने मूग गिळून काढले. मुली यायच्या, विचारायच्या, "बाई, आता कोणतं दार?" आणि तिला उत्तर देता येत नव्हतं. लाल दार ठोठवावं तर आतून निळं मत बाहेर पडायचं. न ठोठवावं तर खरं लाल मत घरातच चहा पीत राहायचं. कोणतं खरं, कोणतं खोटं, सांगायचं कोणी? तिने मुलींना आधी चहा करायला लावला, मग पेन्सिली तासायला लावल्या. शाळेतून नंबर येत होते, नावं खोडली जात होती. केवढी लोकशाही उसळली होती! इतकं मतदान वॉटरसाइडमध्ये कधी झालं नव्हतं, आणि ते कोणासाठी होतंय हे त्या खोलीत तिला एकटीला माहीत होतं.

चार वाजता क्लिफ आला. सकाळपासून तो गाडी चालवत होता, ती आता हायर मूरला दुसऱ्याच्या हाती देऊन आला होता. तो दाराशी बूट काढत बसला आणि बायकोच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय झालं?"

मुली स्वयंपाकघरात होत्या. डॉरीनने हळू आवाजात सगळं सांगितलं. पेगीचं, केनीचं, पाटीचं.

क्लिफने दुसरा बूट काढला. "हं," तो म्हणाला.

"हं काय? तुला धक्का नाही बसला?"

"क्लबात बोलतात लोक."

"काय बोलतात?"

"हेच. कराची भीती वाटते त्यांना. तुमचे लोक आले तर कर वाढेल म्हणतात. बरेच जण तिकडे चाललेत या वेळी. महिना झाला."

"महिना? आणि तू मला सांगितलं नाहीस? सख्खा नवरा तू!"

"तुला?" क्लिफ म्हणाला. "तुला कोण सांगणार, बाई? दोनदा तोंड उघडलं मी. दोन्ही वेळा म्हणालीस, मला माणसं कळतात. मग म्हटलं, असेल."

आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायला तिने श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला. कारण क्लिफ तिच्याशी गोड बोलत नव्हता. कुरकुरत होता, टोचत होता, आणि त्याचं मत गेली छत्तीस वर्षं लाल होतं.

ती टेबलाशी गेली. लाल नावांवरून तिचं बोट प्रश्नचिन्हांवर आलं. ज्यांनी तिच्याशी वाद घातला होता ते. ज्यांनी दार आपटलं होतं. ज्यांनी पक्षाच्या चुका एकेक करून तिच्या पदरात घातल्या होत्या. ज्याला जायचंच आहे तो कशाला भांडेल? तो 'हो बाई' म्हणून दार लावून घेईल. भांडला तो अजून घरातला.

"क्लिफ, फोन कुठाय?"

"बैल गेला अन् झोपा केला," क्लिफ पुटपुटला, पण फोन त्यानेच आणून दिला.

ह्यूला शोधायलाच पाऊण तास गेला. हायर मूरमध्ये तो कोणाच्या तरी दारात उभा होता. शेवटी तो फोनवर आला तेव्हा डॉरीनने एका दमात सांगितलं, "माझी यादी खोटी आहे. माणसं परत पाठव. सगळी."



"किती खोटी?"

"अर्धी असेल. तू पाठव रे बाबा, आत्ता पाठव!"

सहा वाजता गाड्या परत आल्या. डॉरीनने लाल याद्या टेबलाखाली टाकल्या आणि प्रश्नचिन्हांच्या नावांची हाताने उतरवलेली पानं वाटली. तीनशे बारा दारं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"बाई, हे तर शिव्या देणारे लोक आहेत."

"म्हणूनच. शिव्या ऐका, मान हलवा, आणि कोट चढवायला मदत करा. वाद घालायचा नाही. पळा."

ती स्वतः पहिल्यांदा गेली ती अर्न्शॉ म्हाताऱ्याकडे. तीन आठवड्यांपूर्वी त्याने तिला दारातून घालवून दिलं होतं. गिरणी बंद पडली तेव्हा तुमचे पुढारी कुठे झोपले होते, असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला होता. आज त्याने दार उघडलं आणि तिला पाहताच कपाळाला आठ्या घातल्या.

"पुन्हा आलीस?"

"आले. मत द्यायला चल."

"तुमच्या त्या पाठ्यपुस्तकी सग्डनला? त्या मास्तराला? त्याने उभ्या जन्मात माग पाहिला नाही!" सग्डन हा त्यांचा उमेदवार.

"नाही पाहिला. चल."

"चार निवडणुका तुम्हाला शिव्या देतोय मी," म्हातारा टोपी शोधत म्हणाला, "आणि चारही वेळा मत तुम्हालाच घातलंय. पण त्या दिवशी तू दारातच माझ्या नावापुढे काय काढलंस, पाहिलं मी. प्रश्नचिन्ह! सकाळपासून वाट बघतोय, कोणी गाडी घेऊन येतं का. माझा पाय हा असा! मागे घेऊन जायला यायचे. या वर्षी कुत्रंसुद्धा आलं नाही."

तिने त्याला हाताला धरून गाडीत बसवलं. केंद्रापर्यंत तो शिव्या देत होता आणि तिला त्या गोड लागत होत्या.

सहा ते दहा. चार तास. दर अर्ध्या तासाने पोरं धापा टाकत यायची, नावं खोडायची, नवी पानं घ्यायची. आठ वाजता डॉरीनच्या गुडघ्याने राम म्हटला, तरी ती काठी घेऊन फिरत राहिली. साडेनऊला एका बाईने सांगितलं, "आले असते हो, पण आता पोरं झोपली, नवरा रात्रपाळीला गेला. पाचला आला असतात तर." पाचला. पुढच्या दारातही हेच. दहा वाजता शाळेचं दार बंद झालं, आणि डॉरीनच्या हातातल्या पानांवर जिथे कोणी पोचू शकलं नव्हतं अशी सदुसष्ट दारं उरली होती.

आमच्या मतदारसंघात खेडी लांब लांब, म्हणून पेट्यांची मोजणी शुक्रवारी सकाळी. तोवर देशभरचा निकाल रेडिओवर येऊन गेला होता. सगळी वर्तमानपत्रं तोंडावर आपटली होती. निळे पुन्हा आले होते. चौथ्यांदा. टाऊन हॉलमध्ये जमलेल्या लाल बिल्लेवाल्यांची तोंडं मयताला आल्यासारखी होती. आता उरली होती ती एक जागा, त्यांची स्वतःची. निदान ही तरी यावी, एवढंच प्रत्येकाच्या मनात.

पन्नास-पन्नास मतपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर दोन रांगांत रचत चालले होते. एक रांग सग्डनची, एक निळ्यांची. डॉरीन दोरीच्या अलीकडे उभी होती. रांगा कधी इकडे पुढे, कधी तिकडे. हायर मूरची पेटी चांगली गेली, अपेक्षेपेक्षाही चांगली. ह्यूच्या तोंडावर रंग आला. मग वॉटरसाइडची पेटी उघडली, आणि त्याने डॉरीनकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही.

अकरा वाजता पहिली मोजणी संपली. निळे एकोणतीस मतांनी पुढे. सग्डनने फेरमोजणी मागितली. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. कागद सरकल्याचा आवाज तेवढा येत होता. एका गठ्ठ्यात एकोणपन्नासच निघाल्या, त्याच रांगेतल्या दुसऱ्यात एक्कावन्न, आणि निळ्यांच्या मधे तीन लाल सापडल्या. एकोणतीसचे तेवीस झाले. सग्डनने पुन्हा मागितली. पुन्हा तेवीस. मग निवडणूक अधिकाऱ्याने हलकेच नकारार्थी मान हलवली आणि माईककडे चालू लागला.

तेवीस.

त्यानंतर सगळे डॉरीनकडे आले. हे तिला अपेक्षित नव्हतं. सग्डनने तिचे दोन्ही हात धरले. "डॉरीन, तुम्ही नसतात तर इतकं जवळही आलो नसतो." कॉलेजातल्या मुलींनी तिला मिठी मारली. कोणी म्हणालं, देशच तिकडे गेला, तुम्ही एकट्या काय करणार. कोणी म्हणालं, संध्याकाळी तुम्ही जे केलंत ते कोणाला जमलं नसतं. सगळ्यांचे आवाज मऊ होते. महिनाभर दारादारात तिने ऐकलेला तोच मऊपणा, अगदी तोच.

ह्यू मागच्या पॅसेजमध्ये एकटा याद्या खोक्यात भरत होता. डॉरीन काठी टेकत त्याच्यापाशी गेली.

"ह्यू, एक सांगायचंय. तुला फोन केला तेव्हा नाही कळलं मला. बाराच्या आधीच कळलं होतं."

त्याचे हात थांबले.

"व्हिटेकरांची यादी पाहिली मी. माझ्या मांडीवर होती. तू साडेबाराला विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. तरी न्या म्हणाले."

ह्यूने डोळे मिटून घेतले, आणि उघडले. "जाऊ द्या, डॉरीन. दमलाय तुम्ही. घरी जा, झोपा. हे कोणा एकाचं नसतं."

"असं नको बोलूस माझ्याशी."

"खरंच म्हणतोय..."

"खरं नाही म्हणत आहेस! अल्मा स्ट्रीटवाले बोलले तसं बोलतोयस. सगळं गाव माझ्याशी महिनाभर गोड बोललं, त्यात ही जागा गेली. तू तरी नको. किती दारं राहिली ते विचार."

त्याने हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "किती राहिली?"

"सदुसष्ट."

हॉलमधून निळ्यांच्या टाळ्या ऐकू आल्या. ह्यूने हातातला कागद खोक्यात टाकला. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज मऊ नव्हता.

"साडेबाराला तोंड उघडलं असतंत तर ही जागा आपली होती. सग्डन आज खासदार असता आणि मला सोमवारी नोकरी असती. स्वतःचं नाव राखायला तुम्ही साडेपाच तास घालवलेत. तुम्ही घालवलीत ही जागा, डॉरीन. दुसऱ्या कोणी नाही."

"हो," ती म्हणाली.

तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला पक्षातल्या कोणीतरी खरं उत्तर दिलं होतं. ह्यूने खोकं उचललं आणि तो जिन्याकडे वळला. खाली उरलेला याद्यांचा गठ्ठा डॉरीनने काखेत मारला आणि काठी टेकत, एकेक पायरी, ती त्याच्या मागून उतरू लागली.